निम्म्या रकमेचा कर

या सगळ्या प्रकरणातून थोरलीच्या पदरात तीस हजार पडणार होते. आकडा आधीच सांगून टाकलेला बरा, कारण पुढे जे घडलं ते ऐकून लोक म्हणतात, "एवढं महाभारत झालं म्हणजे रक्कम दांडगी असणार." नव्हती. तीस हजारांत दुकानाचं वर्षभराचं लाइटबिल निघालं असतं, किंवा कुरकुरणारं जुनं शिलाई मशीन जाऊन नवं आलं असतं. थोरलीनं यातलं काहीच केलं नसतं. पैसे उडवण्यातली मजा तिला कधी कळली नाही. वाचवण्यातली मात्र अशी कळली होती, की बसचा एक स्टॉप आधी उतरून वाचवलेलं नाणं पर्समध्ये वेगळं वाजतं, अशी तिची खात्री होती.

दोघी बहिणींचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. उंच इमारतीच्या तळाशी, चाव्या बनवणाऱ्याच्या शेजारी, तीन पायऱ्या उतरून जायचं. खिडकीतून रस्त्यावरच्या माणसांचे फक्त पाय दिसत, आणि थोरली तेवढ्यावरून गिऱ्हाईक हेरायची. "हा बघ, हा येणार. पँट टाचेखाली घासतेय." थोरली कापायची, धाकटी शिवायची. थोरलीनं लग्न केलं नव्हतं. धाकटीला नवरा होता, निवृत्त बस ड्रायव्हर, बोलण्यात अजूनही ब्रेक नसलेला. शिवाय तिला सवलतीच्या भाड्याचं दोन खोल्यांचं सरकारी घर होतं.

धाकटीचा जीव त्या घरात होता. बाहेर तसल्याच घराचं भाडं तिप्पट. सवलत कुणाला, तर ज्याची वर्षाची मिळकत ठरावीक रकमेच्या आत आहे त्याला. धाकटीची आत होती. म्हणजे फार आत नव्हती, उंबरठ्यावर उभी होती म्हणा. दर वर्षी घरखातं तिचं कराचं रिटर्न मागायचं, बघायचं आणि मान डोलवायचं.

दोघींमध्ये एकच कायदा चालायचा: येईल ते निम्मं निम्मं. आईनं लहानपणी लावलेली शिस्त. संध्याकाळी गल्ला उघडला की नोटांचे दोन ढीग व्हायचे, आणि एखादं नाणं विषम उरलं तर ते बटणांच्या डब्यात जायचं, कुणाचंच नाही. तोटासुद्धा निम्मा. एकदा थोरलीनं कुणाचा तरी महागडा कोट आखूड कापून ठेवला. भरपाईचा निम्मा वाटा धाकटीनं मुकाट्यानं दिला आणि एवढंच म्हणाली, "ताई, पुढच्या वेळी चष्मा नाकावर असू दे, कपाळाला काही दिसत नाही."

दुकान काढण्याआधी थोरली बावीस वर्षं गणवेशांच्या कारखान्यात नोकरीला होती. तिथं दर महिन्याला तिच्या नावाच्या निवृत्ती खात्यात पैसे पडत गेले. धाकटीचं असं खातं नव्हतं, कारण तिला नोकरीच नव्हती. आई अंथरुणाला खिळली तेव्हा घरी कुणीतरी थांबायचं होतं, आणि धाकटी थांबली, ती शेवटपर्यंत. त्या दिवसांचा पगार कुठल्याच खात्यात पडत नाही.

थोरलीची साठी झाली, खातं मोकळं झालं. निघाले सहा लाख. तिनं ते सगळे काढले आणि दुसऱ्याच दिवशी तीन लाख धाकटीच्या बँकेत टाकले.

"ताई, खातं तुझं आहे," धाकटी म्हणाली.

"आणि आई कुणाची होती? तू घरी होतीस म्हणून मी कारखान्यात जाऊ शकले. घे गुपचूप, नाहीतर मी उद्या विचार बदलेन."

इथं थोरलीला पैकीच्या पैकी मार्क द्यायला हवेत. तीन लाख देताना तिनं एकदाही मागं-पुढं पाहिलं नाही. माणूस लाख सहज सोडतो आणि हजारात अडकतो, हा अनुभव नवा नाही.

धाकटीनं ते पैसे कुठं घातले? नवऱ्याच्या तोंडात. अगदी खरोखर. ड्रायव्हरसाहेबांचे दात एकेक करून राजीनामा देऊन गेले होते, आणि ते पाव पाण्यात बुडवून खात होते. आता हिरडीत स्क्रूनं बसवलेले पक्के दात आले, वरचे आणि खालचे. त्या दिवसापासून ते सफरचंदाखेरीज काही खाईनात, आणि ते चावल्याचा आवाज दारापर्यंत यायचा.

"मी हसलो की तीन लाख दिसतात," ते येईल त्याला सांगायचे. "जांभई दिली तर तिजोरी उघडते."

मग रिटर्न भरायचे दिवस आले. निवृत्ती खात्यातून काढलेली रक्कम त्या वर्षाची मिळकत धरतात आणि तिच्यावर कर बसतो, एवढं दोघींना ठाऊक होतं. सहा लाख एकट्या थोरलीच्या नावावर दाखवले तर ती वरच्या दरात जाणार होती आणि कर एक लाख वीस हजार पडणार होता. तीन तीन करून दोघींच्या नावावर दाखवले तर दोघीही खालच्या दरात, प्रत्येकी तीस हजार. म्हणजे एकूण साठच. निम्मं निम्मं करणाऱ्या घरात याचा अर्थ असा, की जिथं दोघींनी साठ साठ भरायचे तिथं तीस तीसमध्ये भागणार.

गंमत अशी, की हे दोघींत मांडलं ते धाकटीनं, आणि तेही पैसे वाचवायला नव्हे. तिला दरबिर काही माहीत नव्हतं.

"मी तीन लाख खाल्लेत, तर मी माझ्या रिटर्नमध्ये तीन दाखवणार," ती मशीनवरून मान वर न करता म्हणाली. "तुझ्या आडून खायची मला सवय नाही."

"अगं, पण…"

"पण नाही आणि बिण नाही. पैसे निम्मे, तर कर निम्मा."

थोरली खडूनं कापडावर रेघ ओढत होती. ती रेघ जरा जास्तच लांब गेली. मग ती म्हणाली, "बघते. रिटर्नचं मीच बघून येते. दोघींनी जायला नको, दुकान बंद पडतं."

घराच्या सवलतीचा विचार धाकटीला आला नाही का? नाही आला. तिच्या लेखी मिळकत म्हणजे घाम गाळून मिळवलेली. हे पैसे ताईकडून आले होते. ताई काय मिळकत असते?

घरखात्याचं पत्र आलं तेव्हा सकाळ होती. ड्रायव्हरसाहेब खिडकीपाशी सफरचंद खात होते. पाकीट त्यांनीच फोडलं. वाचता वाचता चावणं थांबलं. नव्या दातांमध्ये घास तसाच राहिला.

"काय झालं?" धाकटीनं विचारलं. "दात दुखतोय?"

"आपल्याला काढतायत."

"कुठून?"

"इथून. घरातून. मिळकत मर्यादेबाहेर गेली म्हणे. तीन महिन्यांत खोल्या रिकाम्या करा."

धाकटीनं पत्र हातात घेतलं. तिला वाटलं दुसऱ्या कुणाचं असेल, म्हणून तिनं आधी दाराचा नंबर वाचला. नंबर त्यांचाच होता. मग तिनं दाराकडे पाहिलं, जणू दारानं तरी काही सांगावं. ती स्टुलावर बसली, आणि उठली ती थेट दुकानात गेली. केस विंचरायचे राहिले होते. पायांत एक चप्पल आपली आणि एक नवऱ्याची आहे, हे दुकानाच्या खिडकीतून आधी थोरलीला दिसलं, तिला नंतर कळलं.

"ताई, माझं घर गेलं."

थोरलीच्या हातातली कात्री खाली पडली. ती पडू द्यायची नसते, धार जाते. थोरलीनं ती उचललीसुद्धा नाही.

करसल्लागाराचं ऑफिस एका दवाखान्याच्या वर होतं. जिन्यातल्या बाकावर बसलेल्यांत आजारी कोण आणि कर भरायला आलेलं कोण, हे चेहऱ्यावरून सांगता येत नसे. गिऱ्हाइकं त्याला पाठीमागे टक्केसाहेब म्हणत, कारण "कसे आहात?" या प्रश्नालासुद्धा तो "ऐंशी टक्के" असं उत्तर द्यायचा.

टक्केसाहेबांनी पत्र वाचलं, स्क्रीन वर-खाली केला आणि म्हणाले, "पत्र बरोबर आहे. तुमच्या रिटर्नमध्ये निवृत्ती खात्यातून काढलेले तीन लाख दाखवलेत. घरखातं ते मिळकतीत धरणारच."

"पण ती माझी कमाई नाही हो! ताईच्या खात्यातले आहेत ते."

टक्केसाहेबांचा हात माउसवर थांबला. "ताईच्या म्हणजे? खातं दोघींच्या नावावर आहे ना?"

"माझ्या नावावर कुठलं खातं? मी जन्मात नोकरी केली नाही."

"असं कसं? अहो बाई, निवृत्ती खात्यातून काढलेली रक्कम ज्याचं खातं त्याच्याच रिटर्नमध्ये दाखवायची असते. सगळीच्या सगळी. पुढं त्यानं ती बहिणीला द्यावी, नाहीतर समुद्रात फेकावी, कर खात्याला त्याचं काही नाही. खातं जोडीचं आहे असं मला सांगितलं, म्हणून तर मी निम्मं निम्मं दाखवलं."

"कुणी सांगितलं?"

या प्रश्नाचं उत्तर टक्केसाहेबांनी टक्क्यांत दिलं नाही. त्यांनी नुसतं थोरलीकडे पाहिलं.

थोरली भिंतीवरचं घड्याळ बघत होती. धाकटीनंही ते घड्याळ बघितलं, मग पुन्हा थोरलीकडे. जिन्यात पायरी आहे समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसं तिला झालं.

"ताई?"

"तूच म्हणालीस निम्मं दाखव म्हणून."

"मला कळत नव्हतं म्हणून म्हणाले. तुला कळत होतं?"

थोरलीनं पर्सची चेन उघडली, लावली. "पैसे काढले तेव्हा निवृत्ती खात्याच्या ऑफिसातल्या बाई फोनवर म्हणाल्या होत्या. पूर्ण रक्कम तुमच्याच रिटर्नमध्ये दाखवा, असं."

"मग?"

"मग काय मग? तीस हजार वाचत होते! तुझेही वाचत होते, तुझेही तीस! दोघींचे मिळून साठ. मी काय एकटीनं गिळणार होते?"

"तू यांना खोटं सांगितलंस."

"एवढंसं." थोरलीनं बोटाचं पेर दाखवलं. "घराचं माझ्या ध्यानातच आलं नाही गं. आईशपथ."

"आईची शपथ तू घेऊ नकोस," धाकटी अगदी हळू म्हणाली. "ती माझ्याकडे होती."

टक्केसाहेबांना दोन बायकांच्या मध्ये बसायची सवय नव्हती. ते घसा खाकरून म्हणाले, "मीही कागद मागायला हवा होता. शेवटचा आठवडा होता, गर्दी होती. नंतर आणून देते म्हणालात, मी म्हटलं ठीक आहे…" आणि एवढ्यावर स्वतःला माफ करून त्यांनी कॅल्क्युलेटर ओढला. दोन्ही रिटर्न सुधारून भरता येतील. थोरलीच्या रिटर्नमध्ये पूर्ण सहा लाख. कर एक लाख वीस हजार, त्यातले तीस भरलेत, उरले नव्वद. चुकीचं दाखवलं म्हणून त्यावर निम्मा दंड, पंचेचाळीस. धाकटीच्या रिटर्नमधून तीन लाख निघतील, तिनं भरलेले तीस हजार तिला परत मिळतील.

"म्हणजे मी आता एक लाख पस्तीस भरायचे?" थोरलीचा आवाज फाटला. "तीस वाचवायला गेले म्हणून?"

"माझी फी वेगळी."

धाकटी उठली. दारात पोचल्यावर ती वळून म्हणाली, "करातले साठ मी देईन. पैसे मी घेतलेत, कर माझा आहे. दंडाचे पंचेचाळीस तुझ्या जिभेचे."

थोरलीनं भरले. रडतखडत, पण भरले. सुधारलेलं रिटर्न हातात आलं आणि दोघींना वाटलं, गंगेत घोडं न्हालं.

घरखात्याचं ऑफिस म्हणजे एक लांबलचक हॉल, त्यात काचेची खिडकी आणि काचेमागं सर्दी झालेल्या एक बाई. धाकटीनं कागद आत सरकवले. थोरली मागं उभी राहिली, शाळेत पालकाला बोलावल्यावर पोर उभं राहतं तशी.

"सुधारलेलं रिटर्न दिसतंय," काचेमागच्या बाई रुमालातून म्हणाल्या. "ठीक. पण तुमच्या बँकेत हे तीन लाख आलेले दिसतायत. ते कशाचे?"

"बहिणीनं दिले."

"भेट?"

"नाही. हक्काचे."

"हक्काचे असा रकाना नाही. भेट किंवा उसने."

धाकटीनं मागं वळून थोरलीकडे पाहिलं. थोरलीनं खांदे उडवले. "फरक काय?" धाकटीनं विचारलं.

"भेट असेल तर आमच्याकडे ती मिळकतच धरतात. कराचं काही असो, आमचं वेगळं. मग घर जातं. उसने असतील आणि फेडले असतील, तर ती मिळकत नाही. मग घर राहतं. फेडल्याची बहिणीच्या सहीची पावती आणा, महिनाअखेरपर्यंत."

"आणि फेडले नसतील तर?"

"तर ते उसने आहेत असं आम्ही कशावरून मानायचं?" बाई शिंकल्या. "पुढचे!"

धाकटी पायऱ्यांवर बसली. आईच्या अंथरुणापाशी काढलेली वर्षं आता उसनी म्हणायची होती. तिनं ते गिळलं. घर वाचत असेल तर शब्द गिळायला काय लागतं, पाणीसुद्धा लागत नाही.

दुकानात परत आल्यावर ती म्हणाली, "लिही पावती. उसने दिले होते, परत मिळाले. सही कर, मी उद्याच नेऊन देते."

थोरलीनं कागद पुढं ओढला. पहिली ओळ लिहिली. दुसऱ्या ओळीवर पेन थांबलं.

"परत कुठं मिळाले?"

"ताई, दात आहेत ते. काढून आणू?"

"तसं नाही. पण मिळाले नाहीत, तर मिळाले असं कसं लिहू?" थोरलीनं पेनाचं टोपण लावलं. "एकदा खोटं सांगून बघितलं. एक लाख पस्तीस गेले. घरखातं आणि कर खातं एकमेकांना विचारतात, तुला माहीत आहे? ते माझ्या बँकेत बघतील, तीन लाख आले कुठं? मी कानाला खडा लावलाय."

धाकटीला आधी हे कळेचना. कान ऐकत होते, पण अर्थ आत जात नव्हता. पत्र आलं त्या सकाळीसुद्धा तिला एवढा धक्का बसला नव्हता. पत्र परक्यानं लिहिलं होतं.

"तीस हजारांसाठी तुझी जीभ वळली," ती म्हणाली, "आणि माझ्या घरासाठी हात वळत नाही?"

"खरं वागायचं ठरवलंय मी."

"केव्हापासून?"

"दंड भरल्यापासून."

"आणि ही वरची ओळ? उसने दिले होते. हे लिहिताना नाही हात कापला?"

"उसने होते की भेट, हे देणाऱ्यानं म्हणायचं. मी म्हणते उसने, तर उसने. पण फेडले म्हणायला फेडावे लागतात." थोरली हे अगदी मनापासून म्हणाली, हीच त्यातली भयंकर गोष्ट होती. ती लबाडी करत नव्हती. ती घाबरली होती, आणि घाबरलेल्या माणसाला सचोटी फार स्वस्तात मिळते, विशेषतः बिल दुसऱ्याच्या नावावर फाटत असेल तेव्हा.

ड्रायव्हरसाहेब तेवढ्यात डबा घेऊन आले होते. त्यांनी सगळं दारातून ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना विनोद सुचला नाही. त्यांनी डबा ठेवला, तोंड मिटलं आणि ते गेले.

धाकटीनं दिवसभर एका लग्नाच्या झग्याची कंबर उसवली, शिवली. दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या आल्या तिनं पिशवी खाली ठेवण्याआधीच विचारलं, "चावीवाल्यानं गेल्या वर्षी या दुकानाचे किती देऊ केले होते?"

"सहा लाख. का?"

"म्हणजे माझा निम्मा वाटा तीन लाख. तो घे. उसने फिटले. आता पावतीवर सही कर, खरी खरी."

थोरली खुर्चीतून अर्धी उठली. "वेड लागलंय का तुला? दुकान तुझं आहे!"

"निम्मं होतं."

"अगं, आपण काही… असं कुणी करतं का? लोक काय म्हणतील?"

"लोकांचे फक्त पायच दिसतात इथून. आणि ते करातले साठ मी देणार होते ना, तेही आता तुझेच. उसन्यावर कोण कर भरतं?"

इथं थोरलीला नाही म्हणता आलं असतं. 'जाऊ दे, आण ती पावती, होऊ दे माझं काय व्हायचं ते,' असं म्हणायला फार शब्द लागत नाहीत. तिनं विचार केला. सुईत दोरा ओवायला लागतो तेवढाच वेळ केला. त्या वेळात तिनं कर्ज न काढता आपलं झालेलं पूर्ण दुकान पाहिलं, चावीवाल्याला ठणकावून सांगितलेली सात लाखांची किंमत पाहिली, आणि मग बहिणीचा चेहरा पाहिला. पण क्रम चुकला होता.

"कागदावरच हं," ती म्हणाली. "तसं आपलं निम्मं निम्मं चालूच राहील."

"कागदावर असेल तेच खरं. कालच तू मला शिकवलंस."

दुकानाचे कागद करायला पुन्हा टक्केसाहेबच. थोरलीनं सही केली, धाकटीनं केली, पावतीवर थोरलीनं केली. टक्केसाहेबांनी शिक्का मारला आणि खूश होऊन म्हणाले, "शंभर टक्के काम झालं."

"आता मी कोण?" धाकटीनं विचारलं.

"म्हणजे?"

"दुकान हिचं. मी तिथं सकाळपासून संध्याकाळपर्यंत शिवते. मग मी कोण? काचेमागच्या बाईंना मी काल विचारून आले. त्या म्हणाल्या, वाटा नसेल तर तुम्ही पगारी कामगार, मग पगाराचा कागद आणा."

टक्केसाहेबांनी चष्मा सारखा केला. "हो. बरोबर. कायद्यानं कामगारच."

"मग पगार लिहा." तिनं आकडा सांगितला. घराच्या मर्यादेच्या जेमतेम आत बसेल असा तो बेतून आणलेला होता, थोरली कापडावर रेघ मारते तसा.

थोरली हसली. तिला वाटलं, चला, रुसवा निघतोय. "लिहा हो, लिहा. तेवढं तर ती निम्म्यातसुद्धा नेत होती."

"आणि त्या आणखी एक म्हणाल्या," धाकटी म्हणाली. "पगाराच्या कागदावर निवृत्ती खात्याचा नंबर लागतो."

थोरलीचं हसू तिथंच राहिलं. "कुणाच्या निवृत्ती खात्याचा?"

"माझ्या."

"तुझं कुठं आहे?"

"उघडायचं," टक्केसाहेब म्हणाले. टक्के परत आल्यामुळं त्यांचा चेहरा खुलला होता. "एकच कामगार असला तरी मालकाला खातं उघडावंच लागतं. पगाराच्या दहा टक्के मालकानं भरायचे, दर महिन्याला, कामगार साठीचा होईपर्यंत. चुकवले तर दंड. दंड किती ते तुम्हाला माहीतच आहे."

"मी? हिच्या खात्यात मी भरायचे?" थोरली कधी टक्केसाहेबांकडे बघायची, कधी धाकटीकडे. "मी हिची बहीण आहे!"

"कायद्याला नातं कळत नाही, बाई."

"आणि भरपगारी सुट्ट्या," धाकटी म्हणाली.

थोरलीनं टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलला. तो टक्केसाहेबांचा होता. तिनं तो सगळा पिऊन टाकला. धाकटीनं कागद सरळ केला आणि वरच्या ओळीवर बोट ठेवलं. "मालकीणबाई, इथं सही राहिलीय तुमची."

थोरलीनं सही केली. बावीस वर्षं दुसरं कुणीतरी तिच्या खात्यात भरत होतं, तेव्हा त्या भरणाऱ्याला कसं वाटत असेल, हा प्रश्न तिला कधी पडला नव्हता. आता पडायला जागाच उरली नाही, उत्तर समोर होतं.

आता कुणी काय भरलं ते पाहू. घर राहिलं, सवलत राहिली, घरखात्यानं मान डोलवली. कर खात्याला त्याचे एक लाख वीस मिळाले, वर पंचेचाळीस. टक्केसाहेबांनी फी तीनदा घेतली आणि चुकीतला वाटा एकदाही नाही. ड्रायव्हरसाहेबांचे दात राहिले, पण आता ते बायकोच्या बहिणीसमोर तोंड मिटून खातात. सरळ वाटेनं गेली असती तर साठ हजारांत सुटली असती त्या थोरलीनं तीस वाचवायला भरले एक लाख पासष्ट हजार, शिवाय दर महिन्याला धाकटीचा पगार, आणि दर महिन्याला धाकटीच्या निवृत्ती खात्यातले दहा टक्के, अजून आठ वर्षं. धाकटीनं भरलं ते निम्मं दुकान. पहिल्या महिन्याचा पगार हातात पडला तेव्हा तिनं तो थोरलीच्या समोर बसून मोजला, आणि मग पुन्हा एकदा मोजला. पूर्वी आपल्या वाट्याचा ढीग ती न मोजता पर्समध्ये टाकायची. तर भरलं दोघींनी. पावत्या मात्र थोरलीच्याच आहेत; ते न मोजता पर्समध्ये टाकणं गेलं, त्याची पावती कुणी देत नाही.